एर्सिलियाच्या चुकांची वही

४ ऑगस्ट १९८८, गुरुवार

नुबियाने आज महाविद्यालयातून ध्वनिमुद्रक आणला. विटेएवढा आहे. स्पॅनिश भाषा आणि साहित्याच्या शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. तिने विषय घेतला आहे — डोंगरावरच्या निरक्षर वृद्धांची बोली.

मी दाढी केली. टाय बांधला. उजेडाकडे तोंड करून खुर्चीत बसलो.

— आजोबा, हे काय? कुठे निघालात?

— मुलाखतीसाठी बसलो आहे.

ती हसली. मला ती 'सुमेर्से' म्हणते. — सुमेर्से नकोत मला! तुमचं बोलणं म्हणजे छापील पुस्तक. मला आजी हवी.

तासभर मी ही स्तुती समजलो. जेवताना अर्थ ध्यानात आला. माझ्या घरातले अशुद्ध बोलणे त्या इमारतीत वाचले जाणार, जिथे मी एकतीस वर्षे शिपाई होतो, घंटा वाजवली, आणि प्रत्येक व्याख्यान दाराबाहेर उभे राहून ऐकले! चौथ्या इयत्तेपुढचे माझे सगळे शिक्षण त्या दारांच्या फटींतून झालं. ('झालं' लिहिले गेले. 'झाले'.)

६ ऑगस्ट, शनिवार

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज. मी आत गेलो. आवाज थांबला.

माझी बायको एर्सिलिया उठून उभी राहिली. — आपल्याला कॉफी देऊ का?

वाक्य निर्दोष होते.

७ ऑगस्ट, रविवार

आजही हसल्या दोघी. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही बाई नाकातून हसते हे मला ठाऊक नव्हते.

११ ऑगस्ट, गुरुवार

दाराबाहेर उभा राहिलो. मला त्याची सवय आहे.

एर्सिलिया सांगत होती — तवा म्या लहान व्हते, तळ्यावरनं पानी त्रुहे, घागर फुटली, आयनं त्या खापरीनंच बदडलं बघ मला...

त्रुहे! सत्तावीस वर्षांनी हा शब्द माझ्या घरात उच्चारला गेला. 'मी आणले' यासाठी शुद्ध शब्द एकच — त्राहे. 'त्रुहे' म्हणतात ते डोंगरावरून बटाट्याची पोती घेऊन बाजारात उतरणारे लोक. मीही त्यांच्यातूनच आलो. म्हणून तर हा शब्द मी प्रथम माझ्या आणि नंतर तिच्या तोंडातून उपटून काढला.

नुबियाने तिला सुधारले नाही. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी! उलट म्हणाली — परत सांग ना आजी, सुमेर्से, तो घागरीचा भाग.

आणि हे 'सुमेर्से'! 'आपली कृपा' असा त्याचा अर्थ. इथे आई लेकराला म्हणते, बायको नवऱ्याला, कोबीवाली गिऱ्हाइकाला. चाकरांचा शब्द आहे. मी तो या घरात १९५३ साली बंद केला. एर्सिलिया मला 'आपण' म्हणते. नात मात्र ऐकत नाही.

१५ ऑगस्ट, सोमवार

सुट्टी. नुबिया चार दिवसांसाठी आईकडे गेली आहे. जेवणाच्या टेबलावर कागदांची चळत ठेवून गेली — आजीचे बोलणे फितीवरून जसेच्या तसे उतरवलेले. एकेचाळीस पाने. पेन्सिलीने.

पहिले पान वाचले. सतरा चुका.

हे डॉक्टर पिन्सोन वाचणार. एकोणीस वर्षे मी त्यांच्या टेबलावर कॉफी ठेवली. एकदा ते विद्यार्थ्यांना म्हणाले होते, 'डॉन अब्दोन या इमारतीत तुमच्यापेक्षा शुद्ध बोलतात.' वर्ग हसला होता. मी हसलो नव्हतो. ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

पेन्सिलीला टोक केले. कार्यालयातला जुना खोडरबर सापडला.

१६ ऑगस्ट, मंगळवार

चौदा पाने झाली. खोडून त्याच जागी लिहितो. अक्षर नुबियासारखे काढतो. एर्सिलियाने दारातून पाहिले. चांग्वाचा — दूध-अंड्याच्या सूपचा — वाडगा ठेवून गेली. दुधावर साय धरली तेव्हा आठवण झाली.

१८ ऑगस्ट, गुरुवार

पूर्ण झाले! एकेचाळीस पानांत एकही चूक उरलेली नाही. सत्तावीस वेळा 'त्रुहे' होते, सत्तावीस वेळा 'त्राहे' केले.

तिसाव्या पानावर छापील प्रश्नावलीतला प्रश्न — 'घरात आपण कोणाशी बोलता?' उत्तर — 'कोंबड्यांसंगं बोलती म्या.' तिथे 'मी कोंबड्यांशी बोलते' असे केले.

पाठ दुखते आहे. परंतु समाधान आहे.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

नुबिया ओरडली असती तर बरे झाले असते.

पाने चाळत गेली. भराभर, मग हळू. मग जमिनीवर बसली, कोट न काढता.

— हे कोणी केलं?

मी सांगितले. मला वाटले आभार मानील.

— आजोबा... मला ह्याच हव्या होत्या. चुकाच.

— फीत आहे ना? पुन्हा उतरव.

— पूर्ण वर्गाला चार फिती आहेत! उतरवून झालं की पुढच्याला द्यायची. त्यावर आता कुणाचा तरी काका मक्याबद्दल बोलतोय.

मी म्हणालो, चुका जपून ठेवण्याचे शिक्षण महाविद्यालयात कधीपासून सुरू झाले?

तेव्हा तिने पिशवीतून एका कागदाची नक्कल काढली. या शहरातल्या एका सरदाराच्या विधवेने चारशे वर्षांपूर्वी बिशपला लिहिलेले पत्र. सुरेख, तिरपे अक्षर. नुबियाने बोट ठेवले. 'मी माझ्या माहेराहून दोन घोडे आणले' — आणि 'आणले' या ठिकाणी त्रुहे. लिहिण्याची पद्धत जुनी, परंतु शब्द तोच.

— तेव्हा सगळे असंच म्हणत. बिशपसुद्धा. मग शहरं बदलली, डोंगर नाही बदलला. — माझ्याकडे न पाहता म्हणाली — आजी चुकत नव्हती, आजोबा. आजी जुनी होती.

एकतीस वर्षे मी त्या दारांशी उभा होतो. हे व्याख्यानही कधीतरी झालेच असेल. त्या वेळी बहुधा मी घंटा वाजवायला गेलो असेन.

२० ऑगस्ट, शनिवार

नुबियाने आजीला विनवले — पुन्हा सांग, सगळं. तीस सप्टेंबरला प्रबंध द्यायचा आहे. नाही दिला तर वर्ष गेलं.

एर्सिलिया वाटाणे सोलत होती. — आता काय सांगायचे? त्यांनी नीट केले आहे ना? मग तेच बरोबर.

माझ्यासमोर बोलली. म्हणून शुद्ध बोलली.

२१ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेच्या वेळी, सगळे गुडघ्यावर असताना, तिसावे पान आठवले.

घरात आपण कोणाशी बोलता?

मी त्या वाक्याचे क्रियापद सुधारले. सर्वनाम सुधारले. ते वाक्य काय म्हणत होते, हे मी वाचलेच नव्हते.

लोक उठले. मला उठता आले नाही. शेजारच्या बाईला वाटले, गुडघा.

२४ ऑगस्ट, बुधवार

मी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो — एर्सिलिया, यापुढे तू 'त्रुहे' म्हणू शकतेस. माझी परवानगी आहे.

तिने हात पुसले. — नाही. 'त्राहे' असे म्हणतात.

— तो शब्द जुना आहे. सरदाराची विधवा म्हणत असे.

— असेल. मी विधवा नाही.

यात टोमणा होता की नव्हता, हे मला कळले नाही. बेचाळीस वर्षांनी कळत नाही!

दुपारी नुबियाने ध्वनिमुद्रक लावला. मी अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे. खिडकी उघडी होती. एर्सिलिया बोलली. 'मी लहान असताना तळ्यावरून पाणी आणत असे. एके दिवशी घागर फुटली. आईने मला मारले.' एवढेच. खापरी नाही, बदडणे नाही, हसणे नाही.

नुबिया रडत म्हणाली — आजी, हे तू नाही बोलत. हे आजोबा बोलताहेत.

— मला आता दुसरे येत नाही, बाळ. ते बोलणे पुन्हा आत गेले.

२५ ऑगस्ट, गुरुवार

घरात तीन माणसे. भांड्यांचा आवाज तेवढा येतो.

२ सप्टेंबर, शुक्रवार

महाविद्यालयात गेलो. बारा वर्षांनी. काळा कोट, त्यावर रुआनाची लोकरी घोंगडी, टोपी हातात. दोष माझा आहे, मुलीचा नाही, हे सांगायला.

जिन्यावर पोरे होती. माझी गोष्ट नव्या तुकड्यांनाही ठाऊक असावी. — डॉन अब्दोन! घंटा विसरलात का काय इथे? — दुसरा म्हणाला, — अरे नीट बोल, नाहीतर ते तुझी क्रियापदं तपासतील!

डॉक्टर पिन्सोन यांचे केस पांढरे झाले आहेत. त्यांनी स्वतः उठून मला कॉफी दिली. मला पेला कसा धरावा ते सुचेना.

मी सर्व सांगितले. बसलो नाही.

— डॉन अब्दोन, अशी वाक्यं आता मिळत नाहीत हो. म्हातारी माणसं गेली, उरलेली रेडिओ ऐकून सुधारली. मूळ बोलणं हाताशी नसेल तर नुबियाला विषय बदलावा लागेल. म्हणजे वर्ष गेलंच. — मग खिडकीकडे पाहत — जुन्या काळी कुणी सहज जरी लिहून ठेवलं असतं! एखादा पाद्री, एखादा मास्तर... पण अशा बायकांचं बोलणं कोण लिहून ठेवतो?

टोपी घातली. निघालो.

मी आयुष्यात खोटे बोललेलो नाही. आज गप्प राहून बोललो.

३ सप्टेंबर, शनिवार

ट्रंकेच्या तळाशी वही आहे.

१९४६ साली, लग्नानंतर तीन महिन्यांनी, एका व्याख्यानात ऐकले — माणूस तोंड उघडतो आणि त्याचे घर दिसते. त्याच संध्याकाळी मी वही विकत घेतली. आठवडाभर एर्सिलियाच्या तोंडून जी चूक निघेल ती तारीख घालून, जशीच्या तशी डावीकडे लिहायची, उजवीकडे शुद्ध. रविवारी प्रार्थनेहून आलो की वाचून दाखवायचे. तिने शुद्ध वाक्य तीन वेळा म्हणायचे. तिला अक्षरे शिकवली नाहीत. आधी बोलणे, मग अक्षरे, असे माझे मत होते.

आज उघडली. आज प्रथमच डावी बाजू वाचली.

'१२ मार्च १९४७. पानी त्रुहे, सासूबाय, डोळं उघडा की.' — माझी आई गेली ती सकाळ. उजवीकडे मी पाच दुरुस्त्या केल्या आहेत.

'३ जून १९४९. पोरीचं नाक बगा, आक्षी तुमच्यावानी हाय.' — चुका चार.

'२० ऑक्टोबर १९५२. पोरगं हललंच न्हाई ओ.' — आमचा दुसरा. जिवंत जन्मला नाही. शुद्ध — 'मूल हललेच नाही.'

'९ नोव्हेंबर १९५८. मला लई येकलं वाटतंय.' शुद्ध — 'मला फार एकाकी वाटते.' शेजारी माझी टीप — तीन वेळा म्हणवून घेतले. उच्चार उत्तम.

४ सप्टेंबर, रविवार

पुढे वाचले. शेवटच्या वर्षांत नोंदी कमी होत जातात. पानावर दहा, मग चार, मग एक. ऑगस्ट १९६१ — 'या महिन्यात एकही चूक नाही.' खाली दुहेरी रेघ. त्या दिवशी मी तिला बाजारातून मिठाई आणून दिली होती.

चूक कशी होणार? बाई बोलायची थांबली होती.

५ सप्टेंबर, सोमवार

वही परत ट्रंकेत ठेवली. जाळावी असेही मनात आले. नुबिया ही वाचील तर मी कोण आहे हे तिला कळेल. न वाचील तर तिचे वर्ष जाईल, आणि एर्सिलियाचे जे काही बोलणे या जगात उरले आहे ते ट्रंकेत कसरीच्या स्वाधीन होईल.

७ सप्टेंबर, बुधवार

निर्णय होत नाही. कोंबड्यांना दाणे घातले. माझ्या आवाजाला एकही आली नाही.

९ सप्टेंबर, शुक्रवार

दिली.

नुबियाने उभ्यानेच वाचली. मधे एकदा तोंडावर हात ठेवला. शेवटच्या दुहेरी रेघेपर्यंत वाचली, मिटली, पोटाशी धरली.

— ही मी डॉक्टरांना दाखवू का? आपली हरकत नाही ना?

आपली! या मुलीने मला जन्मल्यापासून 'सुमेर्से' म्हटले आहे. मी बावीस वर्षे रागावत आलो. आज तिने तो शब्द सोडला.

१४ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टर पिन्सोन स्वतः घरी आले. लहान मुलासारखे झाले होते. — पंधरा वर्षं, डॉन अब्दोन! रोजची तारीख! एक बाई, तिचं सगळं बोलणं! असं काम पदव्या घेतलेल्यांनीही केलेलं नाही. प्रबंधात तुमचं नाव घालायचं — संग्राहक म्हणून.

एर्सिलियाने कॉफी आणली. — आपल्याला साखर किती?

— एक चमचा, बाईसाहेब. तुमचे यजमान मोठं काम करून बसलेत, माहीत आहे का?

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी टेबलाकडे.

मी म्हणालो, माझे नाव कोठेही घालू नये. डॉक्टरांना तो विनय वाटला! खांदा थोपटून गेले. ज्या कौतुकासाठी मी एकतीस वर्षे ताठ उभा राहिलो ते आज घरी चालून आले, आणि मी दार लावून घेतले.

१७ सप्टेंबर, शनिवार

नियम आहे — जिचे बोलणे छापायचे तिची संमती लागते. एर्सिलियाला वाचता येत नाही. म्हणून नुबिया तिला वही वाचून दाखवते आहे. डावी बाजू. फक्त डावी.

मी दाराशी थांबलो नाही. आयुष्यात प्रथमच एका दारापासून दूर गेलो. अंगणात उपडी बादली घालून बसलो.

सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत. जेवण कोणी केले नाही. एकदा रडण्याचा आवाज आला. कोणाचा, कळले नाही.

मग एर्सिलिया बाहेर आली. एप्रनच्या ओच्यात दाणे. माझ्याजवळून गेली. कोंबड्या धावत आल्या. ती त्यांच्याशी काही बोलली नाही. दाणे टाकले आणि आत गेली.

१८ सप्टेंबर, रविवार

प्रार्थनेला ती माझ्याशेजारी बसली नाही. दोन रांगा पुढे बसली.

१९ सप्टेंबर, सोमवार

नुबियाला विचारले, संमती दिली का?

— नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. वही उशाखाली घेऊन झोपते.

२० सप्टेंबर, मंगळवार

दहा दिवस उरले. एर्सिलियाला काय सांगावे याची वाक्ये जुळवतो आहे. सगळी शुद्ध होतात. एकही खरं वाटत नाही. ('खरं' लिहिले गेले. खोडत नाही.)

२१ सप्टेंबर, बुधवार

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. मला!

टेबलावर वही उघडी. नुबिया तिच्या आजीशेजारी. एर्सिलियाने एप्रनच्या खिशात हात घातला आणि माझ्यापुढे टोक केलेली पेन्सिल ठेवली.

— ही पेन्सिल त्रुहे. बसा, सुमेर्से, आन् लिवा. घागर फुटली तिथनं धरा. ह्या वहीत लई चुका हायेत तुमच्या.